पडवीतले फर्मे

जाळी बाहेर आणि कागद आत! राजिवड्यातल्या होडेकरांच्या पडवीने असला उफराटा कारभार कधी पाहिला नव्हता. पडवी म्हणजे जाळ्यांची, दोरखंडांची, फार तर पाहुण्याच्या बिछान्याची जागा. पण गुरुवारी संध्याकाळी सावर्ड्याचे रावजी टेम्पो घेऊन दारात उभे राहिले आणि मुसाभाईंची जाळी अंगणात नारळाच्या बुडाशी जाऊन पडली. आता भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत छापील कागदांचे थर लागले होते. मुसाभाईंच्या धाकट्या बहिणीच्या, खतिजाच्या ग्रंथाचे फर्मे ते, म्हणजे दुमडून शिवायचे मोठे ताव. सहा वर्षं विद्यापीठाच्या छापखान्यात अडकून पडले होते, आणि छापखान्यालाच टाळं लागलं म्हणून बिनशिवलेले घरी आले होते.

रावजी त्या छापखान्यात बाइंडिंग बघायचे. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्यांना कळलं की जागा संगणक केंद्राला दिली आणि पडून राहिलेला माल रद्दीत काढायचा आहे. "बाई, माझ्याच्याने नाही बघवलं," एवढंच ते म्हणाले. फर्मा कसा दुमडायचा, कसा शिवायचा ते एकदा दाखवलं, चहा घेतला आणि आपल्या गावी निघून गेले. विद्यापीठाचं पत्र त्याच्या आधीच आलं होतं. पुस्तकाचे सर्व हक्क लेखिकेला परत, आणि यापुढे ज्ञानाचा प्रसार आधुनिक माध्यमांतून होईल.

"आधुनिक माध्यम म्हणजे शिपायाच्या हातातलं कुलूप," खतिजा तेव्हा म्हणाली होती. पण आज, शुक्रवारी दुपारी, तिच्या तोंडात तसली धार उरली नव्हती. कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवलेली, प्राचार्यांना भर बैठकीत खाली बसवणारी ही बाई, झोपाळ्यावर पेन हातात धरून गप्प बसली होती. तिच्या मांडीवर एक करार होता. लंडनच्या मोठ्या प्रकाशन कंपनीचा, जाडजूड मलईच्या रंगाच्या कागदावर छापलेला.

तो आणला होता अरीबने. मुसाभाईंचा हा मोठा मुलगा दोह्याला संगणकाचं काम बघायचा, आणि साहेबाच्या बायकोच्या ओळखीने त्याने फुफीचा, म्हणजे आत्याचा, ग्रंथ थेट लंडनला पोचवला होता. चारच्या एसटीने तो मुंबईला निघायचा होता, तिथून विमान. सही झालेला करार त्याला सोबत हवा होता.

"फुफी, ऐक तरी," अरीब तिसऱ्यांदा म्हणाला. "विद्यापीठांचे छापखाने सगळीकडे बंद पडतायत. हे काय एकट्या आपल्याकडचं नाही. आता चार मोठ्या कंपन्या सगळं घेतात, इंग्रजीत काढतात, संगणकावर चढवतात. तुझं पुस्तक टोकियोच्या प्रोफेसरला बटण दाबलं की मिळेल."

"आणि राजिवड्याच्या माणसाला?" खतिजाने विचारलं, पण विचारण्यात जोर नव्हता.

"राजिवड्यात कोण वाचणार आहे ग?"

हे लागलं. लागलं कारण गेली सहा वर्षं रोज पहाटे तिला हाच प्रश्न पडत होता. शिडाच्या गलबतांचा इतिहास, रत्नागिरी ते बसरा. बंदराबंदरांत हिंडून, म्हाताऱ्या तांडेलांच्या खाटेशी बसून, त्यांच्या खोकल्याला थांबत थांबत तिने तो गोळा केला. त्यातला एकही म्हातारा आता जिवंत नव्हता. आणि छापखान्यात फर्मे पिवळे पडत होते. अठ्ठावन्न वय झालं, साखर वाढली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. मेल्यावर पुस्तक निघून काय करायचं आहे?

"सही कर गो," मुसाभाई म्हणाले. हे तिचे थोरले भाऊ. दर्यावर आयुष्य गेलेले, आता दोन ट्रॉलरचे मालक, आणि आवाज अजून शिडाच्या टोकाला पोचेल असा. "लंडनला आपला नाव होईल. होडेकर! बाबांच्या गलबताला कधी लंडन बगायला मिलाला नाय. तुज्या पुस्तकाला तरी मिलू दे."

"पण अब्बा, यात अट आहे," झोया म्हणाली. मुसाभाईंची ही धाकटी, पुण्याला पीएच.डी. करणारी. करार तिने दोनदा वाचला होता. "सगळ्या भाषांतले हक्क त्यांचे. मराठीतसुद्धा. आणि हे फर्मे नष्ट करून तसं लिहून द्यायचं."

"नष्ट म्हणजे?"

"जाळायचे, अब्बा."

मुसाभाईंनी पडवीकडे पाहिलं. "एवडा सगळा?"

"मग त्यात काय झालं?" अरीब म्हणाला. "पुस्तक तर राहतंय ना! झोया, तूच सांग. तुझ्या गाइडबाई काय म्हणतात? मराठीत, बंद पडलेल्या छापखान्याचं पुस्तक कुणी मोजतं का?"

झोयाचा चेहरा पडला. ती फुफीची लाडकी. पण खोटं बोलणं तिला जमत नसे, तेही फुफीनेच शिकवलेलं. "नाही मोजत," ती म्हणाली. "शून्य धरतात. फुफी, मला वाटतं... सही कर. निदान तुझं नाव राहील."

झालं! म्हणजे आता तिघेही एका होडीत. खतिजाने पेनाचं टोपण काढलं.

आणि नेमकी तेव्हाच अंगणातून हाक आली. "मुसाभाई! अहो, जाळी बाहेर टाकलीत काय? उंदीर लागतील की!"

कमळा आली होती, आणि सोबत तिच्या दोन सुना. होडेकरांच्या ट्रॉलरवर तिच्या मुलांची पाती, म्हणजे मासळीतली वाटणी होती, आणि फाटलेली जाळी शिवायचं काम तिचंच. ही ओळख आजची नव्हती. तिचा सासरा धाकू, खतिजाच्या बापाच्या, अझीम नाखव्याच्या गलबतावर तांडेल होता. दोघांनी मिळून बसरा पाहिला, मिळून बुडता बुडता वाचले.

"हा काय मांडलायसा?" कमळाने कमरेवर हात ठेवून पडवी न्याहाळली.

"माझं पुस्तक," खतिजा म्हणाली.

"आमच्या सासऱ्याला बसवून बसवून लिहिलंत तां? त्यात हाय आमचा म्हातारा?"

"आहे."

"मग दाखवा की! कदीपासून ऐकतोंय नुसता."

खतिजा उठली. थरांतून एक फर्मा ओढून काढला, चटईवर पसरला. कमळा वाकली आणि खोखो हसत सुटली. एका मोठ्या कागदावर सोळा पानं, निम्मी सुलट, निम्मी उलट, कोणाचं डोकं कोणाच्या पायाशी! "अगो बाय, ह्यो काय छापलाय? दारू पिऊन छापलान काय?"

"थांब ग. दुमडायचं असतं ते." खतिजाने रावजींनी दाखवलं तशी एक घडी घातली, दुसरी, तिसरी. वेडावाकडा कागद निमूटपणे पुस्तकाच्या आकारात आला. कडा नखाने फाडून तिने पान उघडून दिलं.

कमळा चौथीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, अक्षर अक्षर जोडत वाचू लागली. "धाकू तांडेल यांनी सां-गि-तले, की मस्कतच्या पुढे शिड फाटले, तेव्हा अझीम नाखवा यांनी आपली बि-छा-यत... बिछायत फाडून ठिगळ लावले. तीन रात्री ते जमिनीवर... नाय, फळीवर निजले." ती थांबली. डोळ्यांना पदर लावला. "असाच सांगायचे वो. अगदी असाच. ‘बिछायत’ म्हणायचे ते."

छापायच्या आधी या पुस्तकावर दोन परीक्षकांचे अभिप्राय आले, समितीचे शेरे आले, तीनदा मुद्रितं आली. पण ते मोठ्याने वाचलेलं खतिजाने आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

मुसाभाई खाकरले. "खतिजा, तां लंडनच्या पुस्तकात ह्यो असंल ना? धाकूचाचाचा नि बाबांचा?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. तिने तो घालवला. "असेल. पण नावाने नसेल."

"म्हंजे?"

"त्यांचा नियम आहे भाई. ज्यांनी माहिती सांगितली त्यांची नावं छापायची असली तर त्यांची लेखी परवानगी लागते. मेलेल्यांची कुठून आणू? म्हणून नावं काढायची. धाकूचाचा माहितगार क्रमांक नऊ. बाबा माहितगार क्रमांक चार. मी कबूल केलंय ते. तुम्हांला सांगितलं नाही."

मुसाभाई असे उभे राहिले की मागचं स्टूल कलंडलं. "बाबांना नंबर? अगो, गलबताला नाव असतां, होडीला नाव असतां, दारातल्या बकरीला नाव हाय! नि अझीम नाखव्याला नंबर? आनि तू कबूल केलंस? तू?"

"काय करू मग?" खतिजाही उसळली. इतका वेळ कुठे दडी मारून बसली होती ती धार कोण जाणे, पण आली एकदाची बाहेर. "सहा वर्षं! सहा वर्षं मी विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या. प्रत्येक नवा साहेब म्हणे, बाई, पुढल्या अंदाजपत्रकात बघू. थकले मी, भाई. मला वाटलं, नंबर तर नंबर, पण कुणीतरी वाचेल. अंधारात सडण्यापेक्षा बरं!"

"अब्बा, संशोधनात असंच करतात," अरीब समजुतीने म्हणाला.

"मग नाय पायजे असला संशोधन!"

झोया इतका वेळ घडी घातलेला फर्मा चाळत होती. आता तिने मान वर केली, आणि ज्या आवाजात ती बोलली तो अगदी फुफीचा आवाज होता. "दादा, टोकियोचा प्रोफेसर बटण दाबेल म्हणालास ना? मी दाबलं होतं बटण. आमच्या लायब्ररीत. त्या कंपनीची वर्गणी आमच्या विद्यापीठाला परवडत नाही, म्हणून गेल्या वर्षी बंद केली. पडद्यावर लेखाचं नाव दिसतं, खाली कुलूप. फुफीचं पुस्तक निघालं तर मी, तिची भाची, ते वाचू शकणार नाही. मघाशी मी सही कर म्हणाले ना, चुकलं माझं. शून्य धरतात तर धरू देत! मोजणारे ते कोण?"

"मग काय करायचं? हे ढीग घेऊन बसायचं?" अरीब चिडला. "बांधणार कोण? विकणार कोण?"

"शिवायचाच हाय ना?" कमळाने विचारलं. तिने घडीची पाठ अंगठ्याने चाचपली आणि सुनेकडे मान वळवली. "हितून सुई आत, तितून भायेर. जाळ्याच्या भोकापरीस सोपा हाय. सुमन, सुया आण गो. नि बारीक दोरा."

मग काय विचारता! भांडण जिथल्या तिथे राहिलं आणि पडवीचा कारखाना झाला. मुसाभाईंनी आपणहून कप्तानी घेतली, ती त्यांना कुणी द्यावी लागत नसे. सुना घड्या घालत होत्या, झोया कडा आणि पुठ्ठे कापत होती, कमळा दाभणाने भोकं पाडून दोरा ओढत होती. फर्मे जुळवायचं काम मुसाभाईंचं. मशिदीत कुराणखानीला कुराणाचे तीस भाग, तीस सिपारे, मांडून ठेवतात तसे त्यांनी सगळे फर्मे चटईवर ओळीने मांडले. अरीब हाताची घडी घालून उभा होता, पण सिपाऱ्यांसारखी रांग लागलेली बघून त्यालाही राहवलं नाही. बाह्या सरसावून बसला. "नीट धर रे मेल्या," मुसाभाई त्याला म्हणाले, "घडीची पाठ उजव्या हाताला घे. पुस्तक हाय तां."

खतिजा झोपाळ्यावरून बघत होती. तिला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. करार अजून मांडीवरच होता. एक प्रत तर होऊ दे, ती मनाशी म्हणाली, मग ठरवू.

एक प्रत झाली. कमळाने शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि पुस्तक अरीबच्या हातात दिलं. त्याने उघडलं. कपाळाला आठ्या पडल्या. पुढचं पान, त्याच्या पुढचं. आणि मग तो असा हसत सुटला की खांबाला टेकावं लागलं.

"शेवट आधी!" तो कसाबसा म्हणाला. "फुफी, तुझी सूची पहिल्या पानावर! मग शेवटचं प्रकरण, मग त्याच्या आधीचं... अब्बा, तुम्ही सिपारे लावलेत, सिपारे! मराठी पुस्तक डावीकडून उघडतं हो!"

मुसाभाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ते उर्दू शाळेत शिकलेले. पुस्तक म्हणजे उजवीकडून, हे त्यांना इतकं ठाऊक होतं की ते ठाऊक आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. घरात बाकी सगळे मराठी शिकलेले, पण त्यांच्या हुकमापुढे कुणी विचार केला नव्हता. कमळाने तर डोकं पुस्तकात घातलंच नव्हतं, तिचं लक्ष दोऱ्यावर.

हसू ओसरलं तसं अरीबने पुस्तक हळूच खाली ठेवलं. "फुफी, मी चेष्टा नाही करत. पण हे बघ ना. हे असं होणार. आपण जाळी शिवणारी माणसं. पुस्तक हे त्यांचं काम आहे. तीन वाजून गेले."

खतिजाने ते उलटं पुस्तक पाहिलं. शेवट आधी, सुरुवात मागे. खरंच आहे पोराचं, तिला वाटलं. आपल्याला एक प्रत धड बांधता येत नाही आणि आपण लंडनशी भांडायला निघालोय. "आण इकडे," ती म्हणाली. करार गुडघ्यावर सरळ केला, शेवटचं पान काढलं, जिथे सहीची रेघ होती ते.

मुसाभाई कोणाकडेच बघत नव्हते. चुकीचं वाईट वाटलं की ते असेच घुमे व्हायचे. त्यांनी ते पुस्तक उचललं आणि आपल्या सवयीने, आपल्या बाजूने, उजवीकडून उघडलं. देवनागरी त्यांना एसटीच्या पाट्यांपुरती यायची. पानावर बोट ठेवून ते खाली खाली सरकले, आणि शेवटच्या ओळीशी बोट थांबलं.

"अ... झी... म," ते म्हणाले. "होडेकर. ना-ख-वा." मग एकदम ओरडले, "खतिजा! अगो, बाबा पयल्या पानावर हायत!"

खतिजाने मान वर केली. पहिलं पान कसलं, तो तर पहिल्या फर्म्याचा शेवट होता. त्या फर्म्यात फक्त नामावळी होती, बंदराबंदरातल्या सगळ्या सांगणाऱ्यांची. घरच्यांचं नाव शेवटी टाकावं, म्हणून तिने बापाला अगदी तळाशी बसवलं होतं, आणि धाकूला त्याच्या वरच्या ओळीत. आता पुस्तक भावाच्या बाजूने उघडलं की पहिली भेट त्या दोघांचीच होत होती.

"आणि ह्यो वर... धा-कू. कमळे, तुजा सासरा! दोगं बाजूबाजूला!" मुसाभाईंच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं आणि त्यांना पुसायची शुद्ध नव्हती. तो दर्यावरचा आवाज चिरकला. "नाव हाय गो. नंबर नाय. नाव हाय."

कमळा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. सुना बघत होत्या. अरीबही येऊन उभा राहिला, आणि त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. आजोबांचं नाव छापलेलं त्यानेही कधी पाहिलं नव्हतं.

राजिवड्यात कोण वाचणार आहे, असं विचारलं होतं ना? हे घ्या.

"बाकीची नीट बांधू," झोया म्हणाली. ती डोळे पुसत होती आणि बोलत पण होती. "आणि संगणकावर मीच चढवते. सगळं. फुकट. ज्याला पाहिजे त्याने वाचावं, टोकियोत नाहीतर गुहागरात. कुलूप नाही लावायचं."

"ही उसवू काय?" कमळाने पहिल्या प्रतीकडे हात केला.

"हात लावू नकोस," खतिजा म्हणाली. "ती भाईची प्रत. ती अशीच राहील."

"मग हिला आतून अस्तर लावूया. तुमचे रावजी सांगून गेलेत ना, झोया म्हणाली मगाशी, पुठ्ठ्याला आतून जाड कागद लागतो. ह्यो तुमचा कागद पातळ हाय. घरात जाडसर कायतरी हाय काय?"

खतिजाने मांडीवरच्या कराराकडे पाहिलं. मलईचा रंग, बोटाला लागणारा दाणेदार पोत, मधोमध दुमडला तर बरोबर पुस्तकाच्या मापाचा. तिने पेनाला टोपण लावलं. पहिलं पान सुटं केलं, शेवटचं, सहीच्या रेघेचं, तेही सुटं केलं, आणि दोन्ही कमळाच्या पुढ्यात ठेवली. खळ लावलेला हात त्यांच्यावरून फिरला. कोरी बाजू वर, इंग्रजी खाली, पुठ्ठ्याला घट्ट.

अरीब बघत राहिला. मग त्याने बॅग उचलली. रागावला होता की काय ते त्याचं त्यालाच कळत नसावं, कारण दुसऱ्या हाताने तो आणखी एका प्रतीचे फर्मे गोळा करत होता, डावीकडून, नीट लावून. "वाटेत शिवीन," तो पुटपुटला. "कमळामावशी, एक सुई दे." दारापर्यंत जाऊन तो वळला. "पण फुफी, त्या लंडनवाल्यांना मी काय सांगू?"

खतिजाने अस्तरावरून तळहात फिरवून एक बुडबुडा दाबून काढला.

"सांग, कागद फार चांगला होता."